खालचा जबडा

मगर तोंड उघडते तेव्हा तिचा वरचा जबडा हलतो की खालचा, या प्रश्नावरून ऐन श्रावणात आमच्या घरात दोन तट पडले. वरच्या जबड्याच्या बाजूने आई, बायको, वहिनी आणि हेरोडोटस. खालच्याच्या बाजूने मी एकटा. हेरोडोटस हा इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार. इजिप्तबद्दल लिहिताना त्याने ठासून सांगून ठेवलंय, की मगर हा एकच प्राणी असा, जो खालचा जबडा हलवत नाही, वरचा खाली आणतो. आणि त्याला जीभही नसते. पुढे ॲरिस्टॉटलनेही जबड्याच्या बाबतीत त्याचीच री ओढली. आपल्या पाठीशी एवढी बडी मंडळी उभी आहेत, हे घरातल्या बायकांना ठाऊक नव्हतं आणि मीही ते सांगितलं नाही. भांडणात समोरच्याला शस्त्रं पुरवण्याइतका मी उदार नाही.

खरं तर मगरीचाही खालचाच जबडा हलतो. वरचा हा कवटीचाच भाग. तो सुटा हलणार कसा? पण ही बाई नदीकाठी हनुवटी चिखलात टेकवून पडलेली असते. खालच्या जबड्याला खाली जायला जागाच नाही. मग ती अख्खं डोकं वर उचलते आणि बघणाऱ्याला वाटतं, झाकण उघडलं. चिपळूणच्या वाशिष्ठीत, महाडच्या सावित्रीत, सांगलीच्या कृष्णेत मगरी आहेत. तिथे काठावरून बघणाऱ्यालाही हेच दिसतं, त्यामुळे हेरोडोटसला फार बोल लावण्यात अर्थ नाही. त्यानेही काठावरूनच पाहिलं असणार. मगर पाहण्याची तीच योग्य जागा आहे. जीभ मात्र तिला असते. फक्त ती तोंडाच्या तळाशी चिकटलेली असते, बाहेर काढता येत नाही. म्हणजे मगर माणसाला गिळू शकते, पण वेडावून दाखवू शकत नाही.

हा वाद निघायचं कारण सोसायटीचा गणपती. लहान मुलांच्या नाटकात माझ्या पुतणीला मगर मिळाली होती. नाटक तेच, पंचतंत्रातलं. चौथ्या तंत्राची सुरुवातच ज्या गोष्टीने होते ते. नदीकाठी जांभळाचं झाड, झाडावर माकड, पाण्यात मगर, आणि घरी मगरीची बायको, जिला माकडाचं काळीज खायचे डोहाळे लागलेत. मूळ गोष्टीत माकडाचं नाव रक्तमुख आणि मगराचं करालमुख. दोघांचीही ओळख तोंडावरून. पंचतंत्रकार विष्णुशर्म्याला ठाऊक असणार, की ही सगळी गोष्ट तोंडाचीच आहे. जांभळं तोंडात पडतात म्हणून मैत्री होते, बायकोच्या तोंडाला पाणी सुटतं म्हणून ती मोडते, आणि भर पाण्यात या मूर्ख मगराला तोंड बंद ठेवता येत नाही म्हणून माकड वाचतं.

माकडाच्या वेशाची कोणाला चिंता नव्हती. शेपूट लावली, गालाला रंग फासला, झालं माकड. मुलांच्या बाबतीत तेवढंही लागत नाही. मगरीसाठी मात्र बायको भाड्याने ड्रेस देणाऱ्या दुकानात जाऊन एक नमुना घेऊन आली. हिरव्या सॅटिनचा झगा, मागे शेपूट, आणि डोक्यावर आ वासलेली मगर. तिच्या दातांमधून मुलाचा चेहरा बाहेर. पुतणीने तो घातला, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी मगर नाही दिसत. मगरीने मला खाल्लंय असं दिसतंय."

अगदी खरं होतं ते. महाराष्ट्रभरच्या स्नेहसंमेलनांमध्ये वर्षानुवर्षं वाघ, सिंह आणि मगरी मुलांना अर्धवट गिळून स्टेजवर येतात आणि ती गिळलेली मुलं संवाद म्हणतात. पालक टाळ्या वाजवतात. मला हा प्रकार कधीच रुचला नव्हता, पण त्यात नेमकं काय खटकतं ते एका चौथीतल्या मुलीने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. ड्रेस त्याच संध्याकाळी परत गेला. मगर घरीच करायची, आणि बोलेल तेव्हा तिचं तोंड हललं पाहिजे, असं ठरलं. ठरवलं पुतणीने, करायची मी.

घरी करायची म्हटल्यावर पहिला प्रश्न सामानाचा. जगातला सगळ्यात प्रसिद्ध बोलका बेडूक, कर्मिट, हा १९५५ साली जिम हेन्सनने आपल्या आईच्या टाकून दिलेल्या कोटाच्या कापडातून केला आणि पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून त्याचे डोळे लावले. तेव्हा तो बेडूकसुद्धा नव्हता, नुसताच एक हिरवट प्राणी होता. बेडूकपण त्याला पुढे आलं. ही हकिकत मी घरात उत्साहाने सांगितली. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून आपलं कपाट कुलूपबंद केलं. तिची हिरवी नऊवारी त्यात आहे.

अमेरिकेत कोट टाकून देतात म्हणून तिथे बाहुल्या होतात. आमच्याकडे काही टाकून देत नाहीत. 'असू दे, लागेल कधीतरी' या मंत्रावर आमचा माळा उभा आहे. त्या माळ्यावरून मी काय काय खाली काढलं: पुतण्याचं लहानपणीचं सायकलचं हेल्मेट, जुन्या सोफ्याचं हिरवं रेक्झिन, गादीतला अर्धा इंची फोम, मोडलेल्या पेटीच्या बिजागऱ्या, फ्रिजचं खोकं. २०१८ च्या बंदीआधीच्या मखराचा थर्माकोलही निघाला. तो पाहून न पाहिल्यासारखं करून परत ठेवला. बायको खाली शिडी धरून उभी होती. प्रत्येक वस्तू खाली आली की "हे मी भंगारात दिलं होतं ना?" असं विचारायची. मी त्यावर काहीच बोललो नाही.

करायला घेण्याआधी हातमोजा नव्हे, पायमोजा घेतला. बोलक्या बाहुलीचं सगळं व्याकरण पायमोज्यात शिकता येतं. चार बोटं वर, अंगठा खाली, मधे तोंड. मग बोलायचं. घरातल्या प्रत्येकाला एकेक मोजा दिला आणि "नमस्कार, मी मगर" म्हणायला लावलं. सगळ्यांनी तेच केलं, जे बाहुली हातात घेणारा प्रत्येक नवखा माणूस करतो: अंगठा जागच्या जागी आणि वरची चार बोटं फटाफट वर-खाली. मोज्याचं कपाळ दर शब्दाला आकाशाकडे जायचं आणि परत यायचं. बाहुल्या खेळवणारे लोक नवशिक्यांना पहिल्यांदा हीच सवय सोडायला लावतात. वरची बोटं स्थिर ठेवायची, अंगठा खाली न्यायचा. डोळे समोरच्याकडे रोखलेले राहिले पाहिजेत. कारण माणूस बोलताना त्याचं कपाळ हलत नाही, हनुवटी हलते. हे सांगूनही पटत नाही. प्रत्येकाने आपल्याच हनुवटीखाली बोट धरून बोलून पाहिलं, तेव्हा कुठे आमच्या घरातला हेरोडोटसपंथ जरा डळमळीत झाला.

पुरावा हवा तर अर्धवटरावांचा घ्या. यशवंत पाध्यांनी घडवलेल्या आणि रामदास पाध्यांनी घराघरात पोहोचवलेल्या या गृहस्थाने शंभरी कधीच ओलांडली. अशा बोलक्या बाहुल्यांच्या चेहऱ्यावर ओठांच्या दोन कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन उभ्या चिरा असतात. पाठीमागून कळ ओढली की मधला तुकडा खाली सरकतो, बास. वरचं सगळं जिथल्या तिथे. १९९३ च्या 'झपाटलेला' सिनेमात तात्या विंचू या बाहुल्याने आमच्या पिढीची झोप उडवली ती याच एका तुकड्याच्या जोरावर. भीती त्याच्या डोळ्यांची वाटते असं आपल्याला वाटतं. तोंड बंद ठेवून त्याला समोर बसवा. शोकेसमधलं खेळणं होईल.

आता अडचण अशी, की पायमोज्यात हात असतो आणि मगरीत मुलगी. तिचे दोन्ही हात पोहायला हवेत, पाठीवर माकड घ्यायला हवंय. म्हणजे तोंड हलवायचं काम तिच्याच तोंडाने करायला हवं. यावर उपाय जुना आणि सोपा आहे. डोक्यावर हेल्मेट, त्यावर वरचा जबडा पक्का. खालचा जबडा सुटा, हेल्मेटला दोन बाजूंनी बिजागऱ्यांनी टांगलेला, आणि त्याला आतून एक पट्टा, जो मुलीच्या हनुवटीखालून जातो. मुलीने तोंड उघडलं की हनुवटी पट्टा खाली ढकलते आणि मगर तोंड उघडते.

सोपा म्हटलं खरं, पण सगळा खेळ बिजागरी कुठे बसते यावर आहे. कानाच्या किंचित पुढे बोट ठेवून आ करा. तिथे एक खळगा उघडझाप करताना लागतो. माणसाच्या जबड्याचा सांधा तो. मगरीची बिजागरी बरोबर त्याच रेषेत हवी. ती पुढे सरकली तर पट्टा गळ्याकडे ओढतो, मागे गेली तर हनुवटीवरून सुटतो. मी पुतणीच्या कानाशी पेन्सिल घेऊन तासन् तास उभा असायचो. वहिनी येता-जाता म्हणायची, "भावजी, कान टोचून झालेत तिचे."

शिवाय तरफेचा हिशोब. हनुवटी सांध्यापासून जेवढी दूर, त्याच्या तिप्पट अंतरावर मगरीचं नाक. त्यामुळे हनुवटी एक बोट खाली गेली की नाकाचं टोक तीन बोटं खाली जातं. फायद्याचा सौदा वाटतो ना? पण भौतिकशास्त्र फुकट काही देत नाही. टोकाला लावलेल्या प्रत्येक दाताचं वजनही हनुवटीला तिप्पट लागतं. जबडा जड झाला की नुसता लोंबतो आणि मगर नाटकभर उघड्या राहिलेल्या कपाटासारखी दिसते. म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्याचा हलका सांगाडा, त्यावर फोम, आणि जबडा मिटता ठेवायला दोन्ही बाजूंना इलॅस्टिक. इलॅस्टिक मिटवणार, मुलगी उघडणार. इलॅस्टिक सैल असेल तर तोंड मिटत नाही, घट्ट असेल तर मुलीची हनुवटी दुखते.

यात एक गंमत अशी, की खऱ्या मगरीची रचनाही हीच आहे. तिचे जबडा मिटणारे स्नायू प्रचंड ताकदीचे. आणि उघडणारे स्नायू इतके दुबळे, की मिटलेल्या तोंडाभोवती चिकटपट्टी गुंडाळली तरी तिला ते उघडता येत नाही. मगरी पकडणारे लोक तेच करतात. म्हणजे निसर्गानेही तिला मिटायला जाड इलॅस्टिक दिलंय आणि उघडायला चौथीतल्या मुलीची हनुवटी. हे कळल्यावर मला त्या इलॅस्टिकबद्दल फारच आदर वाटू लागला.

चिकटवण्याचं काम मात्र आदर वाटण्याजोगं नाही. फोम साध्या गोंदाने चिकटत नाही. चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतं ते सोल्यूशन लागतं. ते दोन्ही बाजूंना लावायचं, आणि मग थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. थांबणं हाच त्यातला मुख्य घटक. घरातल्या लोकांना ते पटत नाही. "लावलंय ना, मग चिकटव की," असं जाणारा-येणारा म्हणतो. आणि एकदा दाबलं की संपलं, तिथून हलवता येत नाही. सपाट फोमला गोलाई आणायची तर त्यात पाचर कापून कडा एकमेकांना भिडवायच्या. ब्लाऊजला टक्स घालतात तेच तंत्र. हे बायकोने एका नजरेत ओळखलं आणि कात्री माझ्या हातातून काढून घेतली. त्यानंतर मगरीला खांदे आले.

दातांबद्दल मी आग्रही होतो. मगरीचं तोंड मिटलेलं असतानाही खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसतो. ॲलिगेटर भाईबंदांच्या गर्दीत तिला ओळखायची ती एक खूण. म्हणून चौथा दात जरा मोठा केला. पुतणीला लाल जीभ हवी होती, लोंबणारी. मी तळाशी चिकटवली. तिने ती उचकटली. मी प्राणिशास्त्र सांगितलं. तिने विचारलं, "पण काका, खरी मगर मराठी बोलते का?" जीभ लोंबती राहिली. डोळ्यांना टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून लावला, कपाळाच्या वर, जिथे मगरीचे असतात. आणि बुबुळं नाकाकडे थोडी झुकती काढली. हेही बाहुलीवाल्यांचं ज्ञान आहे: बुबुळं सरळ काढली तर बाहुली कुठेच बघत नाही, किंचित तिरळी काढली की थेट तुमच्याकडे बघते. मगर तयार होऊन दिवाणखान्यात ठेवली, तेव्हा दूधवाल्याने दारातूनच पिशवी दिली.

या सगळ्या दिवसांत मी लोकांचे जबडे बघत असायचो. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये याला भरपूर वाव आहे. फोनवर बोलणारा मराठी माणूस तोंड जेमतेम बोटभर उघडतो. पान खाल्लेला मिटल्या तोंडाने, मान वर करून बोलतो. त्याला मगर केलं तर नाटक मूकनाट्य होईल. भांडणारी माणसं मात्र आदर्श. खिडकीच्या जागेसाठी भांडताना प्रत्येक अक्षराला जबडा उघडतो आणि प्रत्येक शब्दाला मिटतो. मी एका भांडणात इतका एकाग्र होऊन बघत होतो, की दोघांनी ते थांबवून "काय प्रॉब्लेम आहे तुमचा?" असं मलाच विचारलं.

मिटण्याचं महत्त्व मला तिथेच समजलं. उघडणं कोणालाही जमतं. बाहुली बोलल्याचा भास होतो तो नेमक्या वेळी मिटण्याने, आणि आपल्या वर्णमालेत मिटायची जागा आखून दिलेली आहे: प, फ, ब, भ, म. शाळेत ओष्ठ्य म्हणून पाठ केलेली ही पाच अक्षरं ओठ टेकल्याशिवाय निघत नाहीत. शब्दभ्रमकारांचं सगळं दुखणं या पाचांत आहे. त्यांना ओठ न हलवता बोलायचं असतं, म्हणून ते म ऐवजी न, ब ऐवजी द, प ऐवजी त असं जवळचं अक्षर टाकतात आणि इतक्या सफाईने टाकतात, की आपले कान ते दुरुस्त करून घेतात. मगरीला तर ओठच नसतात. म्हणजे शास्त्राला धरून चालायचं तर आमच्या मगरीने "नाकडदादा, नाझी दायको" अशी सुरुवात करायला हवी होती. "मी मगर" म्हणायला गेली तर "नी नगर" व्हायचं आणि प्रेक्षकांना वाटायचं अहिल्यानगरची पाहुणी आलीय. पुतणीच्या तालमीत मी तिला उलट सांगितलं: या पाच अक्षरांना हनुवटी घट्ट वर घे, बाकी सगळीकडे सोडून दे. 'माकड' हा शब्द या दृष्टीने सुरेख आहे. मिटलेल्या तोंडातून सुरू होतो आणि लगेच आ होतो.

आई हे सगळं बाजूला बसून बघत होती. तिचं माहेर कुडाळचं. शेजारी पिंगुळी, तिथल्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या तिने लहानपणी देवळात पाहिलेल्या. त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा तिने फोन करकरून सगळ्यांना कळवलं होतं, जणू शिफारस तिनेच केली होती. एका संध्याकाळी मी इलॅस्टिक चौथ्यांदा की कितव्यांदा बदलत होतो, तर ती वैतागून मालवणीत उतरली. "तोंड हालवूक कित्याक व्हया रे? आमचो रावण तोंड न उघडता रात्रभर बोला."

मला उत्तर सुचेना. कारण तिचं खरंच आहे. पिंगुळीच्या बाहुल्यांची तोंडं उघडत नाहीत. दोऱ्याने मान हलते, हात हलतो; चामड्याच्या बाहुलीची तर पडद्यावर नुसती सावली. चित्रकथीत तेवढंही नाही, कागदावरचं चित्र समोर धरायचं आणि गोष्ट सांगायची. तरी ऐकणाऱ्याला नेमकं कळतं, आत्ता सीता बोलते आहे की मंदोदरी. आवाज बाजूला बसलेल्याचा, पण तो चिकटतो जे हलतं त्याला. मग माझा पुठ्ठा, बिजागऱ्या, सोल्यूशनचा घरभर वास, हे सगळं कशासाठी? मी म्हणालो, "अगं, त्यांना गाता येतं. आपल्या मगरीला फक्त बोलता येतं." हे उत्तर तिला मान्य झालं. गाता न येणाऱ्यांबद्दल तिला प्रथमपासून दया आहे.

राहता राहिला बघण्याचा प्रश्न. मगरीचे डोळे कपाळावर, मुलीचे डोळे मगरीच्या घशात. बाहेरचं दिसणार ते तोंडातूनच. काळी जाळी लावली की प्रेक्षकांना आत अंधार दिसतो आणि आतून बाहेरचं बऱ्यापैकी दिसतं. पण तोंड उघडं असेल तरच. म्हणजे आमची मगर बोलत असताना डोळस आणि गप्प बसली की आंधळी. 'सीसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातला बिग बर्ड हा आठ फूट दोन इंचांचा पिवळा पक्षी आठवतो का? १९६९ पासून जवळजवळ पन्नास वर्षं त्याच्या आत कॅरोल स्पिनी नावाचा माणूस होता. उजवा हात डोक्यावर ताणून तो पक्ष्याचं तोंड चालवायचा, डाव्या हाताने डावा पंख. उजवा पंख मासेमारीच्या दोरीने डाव्याला बांधलेला. बाहेरचं त्याला काहीही दिसत नसे. छातीला एक छोटा टीव्ही बांधलेला असायचा, त्यात प्रेक्षकांना दिसणारा बिग बर्ड बघत तो चालायचा. हे ऐकून पुतणीने छातीला बांधायला माझा मोबाईल मागितला. मी म्हटलं, बोलत राहा.

हे वाक्य तिने फार मनावर घेतलं.

नाटकाच्या दिवशी पडदा वर गेला. माकड झाडावर, मगर पाण्यात, पाणी म्हणजे निळ्या साडीची दोन टोकं धरलेली दोन मुलं. पहिलं "माकडदादा" झालं आणि मंडपात एकदम शांतता पसरली. मुलं तर मुलं, पण पुढच्या रांगेतले काका लोक मोबाईल खाली ठेवून मगरीच्या तोंडाकडे बघू लागले. घशातल्या जाळीमागे मुलीचे डोळे चमकत होते ते कोणालाच दिसले नाहीत. तिथवर सगळं संहितेप्रमाणे चाललं.

मग माकडाचं मोठं भाषण आलं. त्यात मगरीने गप्प राहायचं होतं. गप्प म्हणजे अंधार, आणि कडेला स्टेजची धार. तेव्हा मगर म्हणाली, "हो का?" माकड पुढे बोललं. मगर म्हणाली, "बरं." मग "असं म्हणतोस?" मग "आणि जांभळं गोड आहेत ना?" मग "ऐकतेय मी, ऐकतेय, तू बोल." माकड झालेला मुलगा मुळात संयमी, पण त्याचाही तोल गेला आणि तो म्हणाला, "तू मधे मधे बोलू नकोस!" मगरीने थोडा विचार करून उत्तर दिलं, "तसं नको म्हणूस, मला दिसत नाही." लोक हसून लोटपोट. भर नदीत गुपित सांगून टाकणारा मगर कसा असेल, तर असाच असेल. करालमुखाची व्यक्तिरेखा याहून अचूक कोणी केली असेल असं मला वाटत नाही. दिग्दर्शन करणाऱ्या ताई विंगेत कपाळाला हात लावून उभ्या होत्या. शेवटी माकड झाडावर उडी मारून गेलं आणि पराभूत मगरीने खिन्न होऊन निघून जायचं होतं. ती निघाली. स्टेजला पायऱ्या होत्या. "एक पायरी," मगर मोठ्याने म्हणाली, "दोन पायऱ्या, तिसरी जरा उंच आहे, आई हात दे." पडदा पडल्यावरही टाळ्या थांबेनात. त्यानंतर प्रमुख पाहुणे उभे राहिले आणि बराच वेळ थांबलेच नाहीत. त्यांनाही काही दिसत नसावं.

पण खरी कमाल पुढे झाली. बक्षीस समारंभाच्या आधी सेक्रेटरी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मगरीकडून एक सूचना वाचून घेता येईल का?" सूचना मेंटेनन्सच्या थकबाकीची होती. ती नोटीस बोर्डावर महिनोन् महिने टांगलेली, दर सभेत वाचलेली, आणि दर वेळी कोणीतरी "आधी लिफ्ट नीट करा" म्हणून उधळून लावलेली. पुतणीने पुन्हा मगर चढवली, कागद तोंडातून आत घेतला आणि फ्लॅट नंबरांसह वाचून काढला. म, प, ब, भ सगळे स्वच्छ. एकाही माणसाने लिफ्टचं नाव काढलं नाही. ज्यांचे नंबर वाचले गेले तेही टाळ्या वाजवत होते. माझा स्वतःचा नंबर त्यात होता; तो वाचताना मगरीने माझ्याकडे वळून पाहिलं. ती तिरळी बुबुळं मीच काढली होती.

दुसऱ्या दिवसापासून चेक येऊ लागले. आता कमिटीचा प्रस्ताव आहे, की वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल मगरीने वाचावा. खजिनदारांची तयारी आहे, फक्त हेल्मेट मोठ्या मापाचं हवं. परवा याच विषयावर बैठक झाली आणि दीड तास एका मुद्द्यावर अडली: इतिवृत्तात बोलणाऱ्याचं नाव काय लिहायचं. एक जण म्हणाले, मगर सभासद नाही, तिला बोलायचा अधिकार नाही. दुसरे म्हणाले, सहयोगी सभासद करून घेऊ. तिसऱ्यांनी विचारलं, मग पार्किंग मागितलं तर?